मानेवरची सरळ रेघ

जाग आली तेव्हा टेलरमास्तरांचं अर्धं डोकं कापून झालं होतं.

समोर आरसा, गळ्याभोवती पांढरं कापड, आणि मागे एक परका माणूस ओठ मुडपून त्यांच्या मानेवर मशीन फिरवत होता. दीपगृहाकडच्या या सलूनमध्ये मास्तर केस कापायला आलेच नव्हते. शेजारच्या हॉटेलात वेटरांचे कोट पोचवायचे होते, हॉटेलचं मागचं दार जेवणं आटोपल्याशिवाय उघडत नव्हतं, बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि सलूनमध्ये पंखा होता. बाकावर पेपर वाचणारे पसरले होते, म्हणून मास्तर खुर्चीत टेकले. डोळा कधी लागला ते त्यांनाही कळलं नाही.

"मी तुम्हाला कापायला सांगितलं होतं का?" मास्तरांनी विचारलं.

"नाही," सलूनवाला म्हणाला. "पण खुर्चीत बसलात."

"थांबवा आता."

"थांबवतो. मग अर्धं असंच ठेवू?"

मास्तरांनी आरशात पाहिलं. डावी बाजू अजून बंदरावर होती, उजवी दीपगृहाकडे पोचली होती. "करा पुरं," ते म्हणाले, आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

यात डोळे मिटण्यासारखं काय होतं, ते सांगायला हवं. समुद्रकाठचं हे शहर एवढंसं, की एका टोकाला शिंक आली तर दुसऱ्या टोकाला रुमाल निघावा. पण त्यात वस्त्या तीन: बंदर, टेकडी आणि दीपगृह. तिन्हींची बेकरी वेगळी, मेडिकल वेगळं, टेलर वेगळा, सलून वेगळं. बंदरावरच्या माणसाने टेकडीवर जाऊन पाव घेतला तर कुणी त्याला काही बोलत नसे. फक्त दुसऱ्या दिवशी बंदरावरचा बेकरीवाला त्याला "संपला" असं सांगे. कपाटात पाव दिसत असला तरी. हॉटेलवाले बाहेरचे, त्यांना हा नियम लागू नव्हता. बाकी सगळ्यांना होता.

आणि पाव निदान पिशवीत लपतो. डोकं कुठे लपवणार? बंदरावरच्या पुरुषांचे केस मानेवर गोल उतरायचे. टेकडीवरचा सलूनवाला मानेपर्यंत पोचेतो कंटाळायचा, त्यामुळे तिथल्यांची मान झाकलेलीच असायची. आणि दीपगृहाकडचे लोक मागून पाहावेत तर मानेवर पट्टी धरून मारल्यासारखी सरळ रेघ. माणूस चालत पुढे गेला की मागचे ओळखायचे, हा कुठला.

मास्तर बंदरावरचे, आणि बंदरावरचं सलून त्यांच्या बायकोचे थोरले भाऊ चालवायचे. अख्खं बंदर त्यांना दादा म्हणे. सलूनला लागून दादांचाच दुसरा गाळा होता, थेट समुद्राकडे तोंड केलेला. त्यातला आइस्क्रीमवाला सोडून गेला होता, आणि येत्या रविवारी त्या गाळ्याची किल्ली दादा मास्तरांना देणार होते. मास्तरांचं दुकान बर्फाच्या कारखान्यामागच्या बोळात होतं. तिथे वाट चुकलेलं माणूसच यायचं, आणि तेही वाट विचारायला. लग्न झाल्यापासून बायको दुपारचा डबा घेऊन त्या बोळातल्या वितळलेल्या बर्फाच्या पाण्यातून चपला हातात धरून येत होती. नवऱ्याच्या दुकानात बसून एकदा समुद्र बघायचाय, एवढंच तिचं मागणं होतं. ती ते दर पावसाळ्यात एकदा बोलून दाखवायची.

दादांची अट एकच, माणूस आपला हवा. "पाव बदलावा, चहा बदलावा," ते म्हणायचे, "पण ज्याच्या हातात मान दिली, तो माणूस बदलू नये." मागच्या महिन्यात सायकली भाड्याने देणाऱ्याने हाच गाळा मागितला होता. दादांनी त्याला नुसतं वळायला सांगितलं. तो वळला. त्याची मान बघून दादा म्हणाले, "टेकडीवरच बघा एखादा."

तर मास्तर डोक्याला टॉवेल गुंडाळून घरी आले.

"अहो, हे काय?" बायकोने विचारलं.

"ऊन लागलं."

"मग पडा जरा. टॉवेल काढा, वारा लागू दे."

"वाऱ्याने वाढतं."

बायकोने त्यांच्याकडे नीट पाहिलं. संसारात तिने बरंच काही ऐकून घेतलं होतं, पण वाऱ्याने वाढणारं ऊन तिला नवीन होतं. ती सरळ भावाकडे गेली आणि म्हणाली, "दादा, यांचं डोकं फार दुखतंय रे." डोकं म्हटल्यावर दादांना राहवेना. हातातलं गिऱ्हाईक फेसासकट तसंच सोडून ते तेलाची बाटली घेऊन हजर झाले.

"बसा खाली," दादा म्हणाले. "टॉवेल सोडा. अशी मालिश करतो, की डोकं आहे हेच विसराल."

मास्तरांनी दोन्ही हातांनी टॉवेल धरला. "डोकं नाही दादा, कान दुखतोय. डोकं आपलं त्याच्या सोबतीला."

दादांनी बाटलीचं बूच लावलं. कानात ते पडत नसत. कान मेडिकलवाल्याचा.

बंदरावरचा मेडिकलवाला कुणाला रिकाम्या हाताने पाठवत नसे. त्याने थेंब दिले, कापूस दिला, आणि कापूस पडू नये म्हणून डोक्याभोवती घ्यायला हातभर रुंद बँडेज दिलं. बँडेज मानेपर्यंत येत होतं. आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, अशी मास्तरांची गत झाली. पण बायको समोर उभी होती, म्हणून थेंब खरोखरच घालावे लागले. ते धडधाकट कानात गेले आणि कान बसला. तिने विचारलं, "बरं वाटतंय का?" मास्तर म्हणाले, "नको, आत्ताच घेतला चहा."

संध्याकाळपर्यंत बंदरभर झालं की मास्तरांना ऐकू येत नाही. लोक भले. जो तो दुकानात येऊन मोठ्याने बोलू लागला. बँकेचे मॅनेजर पँट शिवायला आले. वर्षानुवर्षं चारचौघांत ते आपली कंबर चौतीस सांगत आणि टेलरच्या कानात चाळीस. आज कानाचा उपयोग नव्हता. त्यांनी आधी हळू सांगून पाहिलं, मग जरा मोठ्याने, मग ओरडून. समोरच्या गॅलरीतल्या आजींनी मदत म्हणून तोच आकडा आणखी वरच्या पट्टीत सांगितला. मॅनेजर कापड उचलून निघून गेले.

हे सगळं दादांच्या कानावर गेलंच. त्यांचे कान शाबूत होते. ते बहिणीकडे आले, पाणीसुद्धा न घेता उंबऱ्यात उभे राहून म्हणाले, "हे बघ, समुद्राकडच्या गाळ्यात बाहेरची माणसं येणार. ती सांगणार शर्ट, हे शिवणार पडदा. जाळ्या विणणारा केव्हाचा गाळा मागतोय. त्याला देऊन टाकतो."

बायकोने ते नवऱ्याला सांगितलं तेव्हा तिचे डोळे भरले होते. एका झोपेपायी हिचा समुद्र चालला होता.

"मला ऐकू येतंय," ते म्हणाले. "सगळं येतंय. आता बरा आहे कान."

"मग पट्टी काढून दादाला दाखवा. रविवारी सकाळी बोलावलंय त्याने."

म्हणजे आगीतून उठून फुफाट्यात. पट्टी ठेवावी तर बहिरा म्हणून गाळा जाणार, काढावी तर फितूर म्हणून. शनिवारी दुपारी मास्तरांनी दुकानाचं दार आतून लावलं आणि ठरवलं, की रेघ सरळ आहे ना, मग ती गोल करायची. आयुष्यभर गळेच तर कापले होते. लोकांच्या सदऱ्यांचे.

एक आरसा भिंतीवर होता, दुसरा त्यांनी हातात धरला. खडूने मानेवर खूण केली, टेपने मध्य काढला आणि कापडाची मोठी कात्री उचलली. दोन आरशांत उजवं डावीकडे जातं आणि पुन्हा उजवीकडे येतं, हे त्यांना कात्री चालल्यावर कळलं. एक बाजू वर गेली. तिच्या बरोबरीला दुसरी आणली, ती आणखी वर गेली. मग पहिलीला तिच्या बरोबरीला आणलं. कापड चुकलं तर आतून पट्टी जोडता येते. मास्तरांनी सवयीने खाली पडलेल्या केसांकडे पाहिलंसुद्धा. शेवटी ते थांबले, कारण पुढे कान होते.

रविवारी सकाळी सलूनमध्ये दोघंच होते. किल्ली आरशापुढे पावडरच्या डब्याशेजारी ठेवलेली होती. मास्तर खुर्चीत बसले. दादांनी बँडेज सोडलं, सोडता सोडता गुंडाळलं आणि बाजूला ठेवलं. मग ते खुर्चीभोवती एक फेरी मारून आले.

"कोणी केलं हे?"

"मी."

"कशाने?"

"कात्रीने."

"कापडाच्या?"

"हो."

दादांनी कंगव्याने केस उचलून पाहिले. "या दोन पायऱ्या तुमच्या. पण कानामागे बोटभर जागा राहिली आहे. तिथे रेघ आहे. सरळ." त्यांनी कंगवा खाली ठेवला. "दीपगृहाकडची."

आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. "उन्हातून गेलो होतो, दादा. पंख्याखाली नुसता बसलो. डोळा लागला."

"सगळे असंच म्हणतात," दादा म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता, म्हणून मास्तरांना जास्तच लागला. "तुम्ही घरचे. बहिणीचा नवरा. परक्याने असं केलं असतं तर मी नुसती मान बघितली असती. तुमचं काय करू?"

"गाळा नका देऊ," मास्तर म्हणाले. "पण ते तिला तुम्हीच सांगा. मला नाही सांगवणार."

असं डोकं घेऊन कुणी सलूनच्या पायरीवरून उतरणं दादांच्या इभ्रतीला परवडणारं नव्हतं. त्यांनी कापड झटकून बांधलं, मशीन उचललं आणि म्हणाले, "मान खाली."

मास्तरांनी मान खाली घातली. मान खाली घातल्यावर माणसाला आरसा दिसत नाही, किल्ली दिसत नाही. मास्तरांना फक्त दादांचे पाय दिसत होते, मशीनबरोबर खुर्चीभोवती फिरणारे. मास्तर पायांकडे बघत राहिले. मग पँटच्या काठाकडे बघत राहिले.

"दादा," ते खालूनच म्हणाले. "ही पँट कुणाची?"

"माझी."

"शिवली कुणी?"

मशीन चालू होतं, पण डोक्याला लागत नव्हतं. "तुम्हीच की."

"मी काठाला हाताने टाका घालतो. हिला मशीनचा टाका आहे. दुहेरी."

मशीन बंद झालं. बाहेर कुणीतरी शटर वर केलं, त्याचा आवाज पुरा येऊन गेला.

"मी बटणं घ्यायला गेलो होतो," दादा म्हणाले. "दीपगृहाकडे. नुसता उभा होतो. तिथल्या टेलरने टेप टाकली."

"सगळे असंच म्हणतात," मास्तर म्हणाले. मान अजून खालीच होती.

दादा स्टुलावर बसले. आता दोघांचीही डोकी एका उंचीवर आली. "तुम्ही माझं माप घेता कुठे?" ते म्हणाले. "दर वेळी म्हणता, तुमचं माप मला पाठ आहे. ते लग्नातलं माप आहे, मास्तर. बसलो की श्वास कोंडतो. बहिणीच्या नवऱ्याला कसं सांगायचं, की पोट सुटलंय म्हणून?"

हे मास्तरांच्या कधी डोक्यात आलं नव्हतं. ते ज्याला आपलेपणा समजत होते, त्याने या माणसाचं पोट इतकी वर्षं आवळून धरलं होतं.

"आता तुम्ही सांगा," दादा म्हणाले. "खरंच डोळा लागला होता?"

"लागला होता. पण का लागला, तेही सांगतो. तिथे कुणी बोलत नव्हतं. तुम्ही कापायला घेतलं की बंदरापासून बोलायला सुरुवात करता ते सगळी भावकी होईपर्यंत थांबत नाही. तुमच्या खुर्चीत मला एकदाही झोप आली नाही, दादा."

दादांनी हे ऐकून घेतलं. मग ते उठले आणि त्यांनी राहिलेलं डोकं एक शब्द न बोलता कापलं. ते मास्तरांना फार जड गेलं. मधे एकदा त्यांनीच हवेचा विषय काढून पाहिला, पण दादांनी नुसती मान हलवली. पायऱ्या घालवण्यासाठी सगळंच बारीक करावं लागलं. काम झाल्यावर मागून पाहिलं तर मास्तर कुठल्याच वस्तीचे दिसत नव्हते.

दादांनी कापड सोडलं, ब्रशने मान झटकली आणि पावडरच्या डब्याशेजारची किल्ली उचलून मास्तरांच्या हातात ठेवली. "तिला आधी समुद्र दाखवा," ते म्हणाले. "मशीन वगैरे मग न्या. आणि पँटचं घरी बोलू नका."

"डोक्याचं?"

"तेही नको."

मास्तरांनी किल्ली खिशात टाकली आणि त्याच खिशातून टेप काढली. "उभे राहा," ते म्हणाले.

दादा उभे राहिले आणि सवयीने त्यांनी श्वास ओढून पोट आत घेतलं. मास्तरांनी टेप कमरेभोवती फिरवली, पण ओढली नाही.

"सोडा," ते म्हणाले. "सगळा सोडा, दादा."

दादांनी मागे दाराकडे एकदा पाहिलं. दारात कुणी नव्हतं. मग त्यांनी श्वास सोडला. टेप सरकत सरकत जिथे आली तिथे मास्तरांनी बोट ठेवलं, आणि आकडा मनातल्या मनात वाचला.