सगळं चालण्याच्या अंतरावर

"घर मी शोधतो," असं धाकटा म्हणाला, तेव्हा त्याच्या तोंडात घास होता आणि डोक्यात काहीच नव्हतं. (त्याच्या आयुष्यातले बहुतेक मोठे निर्णय याच अवस्थेत झालेले आहेत. शाळा सोडली तीसुद्धा जेवता जेवताच.)

थोरला जाऊन चार महिने झाले होते. रविवारी सकाळी नळाचा वॉशर बदलतो म्हणाला, वॉशर हातात घेऊन जरा खुर्चीत टेकला, तो उठलाच नाही. नळ अजून गळत होता. धाकट्याला तो पाच मिनिटांत दुरुस्त करता आला असता, पण त्याला कोणी सांगत नव्हतं आणि तोही हात लावत नव्हता.

आता कंपनीचं क्वार्टर सोडायची वेळ आली होती. वहिनीचा भाऊ फोनवर म्हणाला, "मी ट्रक घेऊन येतो. तू, पोर, सासूबाई, सगळे इकडे चला. इकडे काय कमी आहे?" इकडे म्हणजे रात्रभराच्या प्रवासावर. थोरला तर गेलाच होता. आता त्याचं जे काही मागे उरलं होतं, म्हणजे वहिनी, आई, पुतणी आणि एक खिळखिळं कपाट, तेही ट्रकमध्ये बसून जाणार. धाकटा राहणार गॅरेजच्या वरच्या खोलीत, जिथे स्टोव्ह आणि तो सोडला तर तिसऱ्याला जागा नव्हती. म्हणून तो घाईघाईत बोलून बसला.

वहिनीने त्याच्याकडे पाहिलं. "बघा, भाऊजी. पण मला गाडी चालवता येत नाही आणि शिकायचीही नाही. शाळा, दवाखाना, बाजार, मी कामाला जाते ते चष्म्याचं दुकान, सगळं पायी जमलं पाहिजे. भाडं माझ्या पगारात बसलं पाहिजे. आणि सगळे एकाच साच्यातले लोक असतील तिथे नको. अशा ठिकाणी मी लगेच उठून दिसते."

"आणि तिथे मांजर पाहिजे," पुतणी म्हणाली. ही पोरगी बोलण्यात कोणाला हार जात नसे, म्हणून घरात तिला सगळे वकीलबाई म्हणत.

"मांजर बघतो," धाकटा म्हणाला.

दलालाने त्याला आपल्या गाडीतून नेलं. वाटेत त्याने सहज विचारलं, "घर कोणासाठी?" झालं! धाकट्याने थोरल्याची गोष्ट लहानपणापासून सुरू केली. वॉशरपर्यंत आला तेव्हा त्याला समोरचं काही दिसेना. गाडी पहिल्या गिअरमध्ये कण्हत होती, हे मात्र त्याने ऐकलं. (अखेर माणूस स्कूटर मेकॅनिक होता.) "तुमची क्लच प्लेट गेलीय," त्याने नाक पुसत निदान केलं. दलाल म्हणाला, "असेल, असेल." त्याचं बिचाऱ्याचं काय चुकलं?

घर पाहताक्षणी आवडलं. खाली घरमालकीण, निवृत्त नर्सबाई. वरच्या मजल्यावर व्हायोलिन शिकवणारे एक आजोबा, शेजारी केस कापणाऱ्या दोन बहिणी, समोर बेकरीवाला आणि त्याची सहा पोरं. एका जिन्यावर पाच भाषा. "इथे भांडणं होतात का?" धाकट्याने विचारलं.

"भांडायचं तर दुभाष्या शोधावा लागतो," नर्सबाई म्हणाल्या. "तो मिळेपर्यंत राग जातो."

मांजरही होतं. ते जिन्यात असं पसरलं होतं, जणू भाडं तेच घेतं.

"आता चालून बघा की," दलाल म्हणाला. धाकटा निघाला. समोरून दूध आणायलाही स्कूटर काढणारा हा माणूस, पण त्या दिवशी पाय कसे आपोआप पडत होते. बेकरी आली, शाळा आली, दवाखाना आला, मंडई आली, पार खाली बस स्टँडाशेजारी वहिनीच्या दुकानाची पाटीसुद्धा आली, तरी दमायचं नाव नाही. कोणीतरी पाठीवर हात ठेवून हलकेच पुढे नेत असल्यासारखं वाटत होतं. धाकट्याचे डोळे पुन्हा भरून आले. थोरलाच तो, दुसरा कोण?

थोरला नव्हता. उतार होता.

स्टँडावरून तो तसाच बसने गॅरेजला गेला आणि संध्याकाळी घर ठरवून मोकळा झाला. "वहिनी, सगळं चालण्याच्या अंतरावर! मी स्वतः चाललो!"

उलगडा झाला तो सामान हलवताना. वहिनी आणि आई टेम्पोत पुढे, धाकटा आणि वकीलबाई मागे. टेम्पो एका वळणावर वळला आणि थोरल्याचं कपाट सावकाश सरकत येऊन धाकट्याच्या मांडीवर बसलं.

"काका, हे घर डोंगरावर आहे का?"

"डोंगर नाही गं. जरासा... उंचवटा."

"मग कपाट तुझ्या मांडीवर का आलं?"

"त्याला माझी सवय आहे," धाकटा दबक्या आवाजात म्हणाला. श्वास घ्यायलाच जागा नव्हती.

वहिनी उतरली, तिने मागे वळून रस्त्याकडे एकदा पाहिलं आणि भांड्यांची टोपली उचलून आत गेली. ती रागावली असती तर बरं झालं असतं. धाकट्याने तिथल्या तिथे ठरवलं की या घरात कोणालाही काहीही चढवून आणावं लागणार नाही. मग रोज सकाळी गॅरेजला जाण्याआधी तो भाजी, दूध, कांदे, बटाटे पाठीवर घेऊन वर यायचा. (स्कूटर त्याला एकट्याला घेऊन कुरकुरत चढायची, पिशवी लावली की सरळ बंद पडायची.) दारात आला की तो आधी मांजराशेजारी बसायचा. मग बोलता यायचं.

अशात मामाचा फोन आला. "रविवारी येतो. घर बघतो. पसंत पडलं तर ठीक, नाहीतर ट्रक तयार आहे."

वहिनीचा हा भाऊ विमा कंपनीत सर्व्हेअर होता. बुडालेलं, जळालेलं, आपटलेलं बघून नुकसान किती ते ठरवायचं, हाच त्याचा धंदा. लग्नातसुद्धा तो मांडवाचे खांब हलवून बघायचा. अशा माणसाला चढ दिसू द्यायचा नव्हता. धाकट्याने स्कूटरचं ऑइल बदललं, प्लग बदलला, तिच्या सीटवर हात फिरवून "आजचा दिवस सांभाळ" म्हणाला, आणि मामाला स्टँडावर घ्यायला गेला. बेत साधा होता. गाडीवर गप्पा मारत भर्रकन वर न्यायचं, परत जाताना मात्र चालत खाली सोडायचं.

मामा वजनदार होता. बसल्याबरोबर स्कूटरने पुढचं चाक किंचित उचलून निषेध नोंदवला.

"रस्ता चढाचा दिसतोय रे."

"छे, भाऊसाहेब! तुम्ही मागे बसलात ना, म्हणून तसं वाटतं."

बेकरीपर्यंत गाडी कशीबशी आली. तिथे जळकट वास सुटला, एक उसासा निघाला, आणि स्कूटर उभी राहिली. या वेळी क्लच प्लेट खरंच गेली होती.

"उतरा जरा, भाऊसाहेब. आणि मागून थोडा हात लावा."

"मी पाहुणा आहे!"

"म्हणून तर थोडाच म्हणालो."

दोघे ढकलू लागले. मामाचा शर्ट पाठीला चिकटला, चष्म्यावर वाफ आली. पुढच्या दुकानाबाहेर एक खुर्ची होती, तो त्या खुर्चीत कोसळला. मग त्याच्या लक्षात आलं की या रस्त्याला प्रत्येक दुकानाबाहेर खुर्ची आहे, आणि जवळपास प्रत्येक खुर्चीत कोणीतरी धापा टाकतंय. शेजारच्या खुर्चीत तर धाकट्याची आईच होती. ती आपल्या भाषेत व्हायोलिनवाल्या आजोबांना थोरल्याच्या लहानपणच्या खोड्या सांगत होती. आजोबा त्यांच्या भाषेत काहीतरी सांगत होते. दोघंही मधूनमधून हसत होते.

"मावशी, तुम्ही इथे अडकलात की काय?" मामाने घाबरून विचारलं.

"अडकते कशाला? बसलेय," आई म्हणाली. "तुमच्या तोंडाला फेस का आलाय?"

घरी पोचल्यावर मामाने पाणी पिऊन भिंती ठोकून पाहिल्या, खिडकीतून खाली डोकावून पाहिलं आणि निकाल दिला. "टोटल लॉस! चल गं, सामान बांध. माझ्याकडे सगळं सपाट आहे."

धाकटा दाराशी उभा होता. चूक माझी आहे, जायचं तर जा, असं म्हणायला त्याने तोंड उघडलं, पण या खेपेला तोंडात घास नसूनही शब्द बाहेर पडेना.

"सपाट आहे खरं, दादा," वहिनी म्हणाली. "पण मागे तुझ्याकडे आले, तेव्हा कोपऱ्यापर्यंत जायचं तर चार जणी हात धरून 'कसं गं झालं' म्हणायच्या. इथे मी कामावरून येते, अर्ध्या चढावर मला यांची आठवण येते, डोळ्यांतून पाणी येतं. सगळ्यांचीच तोंडं लाल, सगळ्यांच्याच डोळ्यांत पाणी. कोणी विचारत नाही. नुसती खुर्ची पुढे करतात. पोरीला शाळा आवडलीय. आईंना ऐकणारं माणूस मिळालंय. मी इथेच राहते."

मामा बराच वेळ चष्मा पुसत राहिला. मग म्हणाला, "कपाटाचा मागचा पाय खिळखिळा आहे. तेवढा ठोकून घ्या." म्हणजे पसंत पडलं.

धाकट्याला काय करावं सुचेना. त्याने मांजर उचललं, ते बोचकारून निसटलं. मग तो म्हणाला, "चला भाऊसाहेब, तुम्हाला सोडतो. उतार आहे, गाडी आपोआप जाईल."

"नको रे बाबा!" मामाने हात जोडले आणि वकीलबाईने बोट दाखवलं तसा तो स्वयंपाकघरातून मागच्या अंगणात गेला. नर्सबाईंनी तिथलं फाटक उघडलं. पलीकडे रुंद, सपाट रस्ता होता आणि दार उघडं ठेवून बस उभी होती. आई तिच्यातून उतरून आत गेली, मामा चढला, बस गेली.

धाकटा फाटकात उभा. "ही बस कुठली?"

"स्टँडाची," वकीलबाई म्हणाली. "खालून फिरून इथे येते. आजी रोज हिनेच वर येते. तुला माहीत नाही?"

"वहिनी, तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्याच दिवशी कळलं."

"मग मी इतके दिवस पाठीवर... मला सांगितलं का नाही?"

वहिनीने मान खाली घातली, पण ती हसत होती. थोरला गेल्यापासून पहिल्यांदा. "भाऊजी, सामान बसने आलं असतं, तर तुम्ही रोज आला असता का?"

"म्हणजे काय! आलो असतो की! काम नसतानाही आलो असतो!"

"मग उद्यापासून तसा ये," वकीलबाईने निवाडा दिला. "रिकाम्या हाताने."

"उद्या कसा रिकाम्या हाताने येईल?" आई आतून ओरडली. "पीठ संपलंय! आणि धाकट्या, पोतं खालूनच आण. बसमध्ये चढवू देत नाहीत, मी विचारून ठेवलंय."