लाल बॅट, हिरवी बॅट

आमच्या मूल गावात रामटेके भाऊंच्या घरी बेल वाजवून आत जाता येत नाही. फाटकाशी ते टेबल टेनिसच्या दोन बॅटी घेऊन उभे असतात. हिरवी हलली तर आत या. लाल हलली तर गल्लीला वळसा घालून पुन्हा या. मी त्यांचा सख्खा शेजारी, राईस मिलमधून दमून आलेलो, हातात परत द्यायची त्यांचीच वाटी. तरी मलाही फिरवलंय. "भाऊ, तिरपे येऊन राह्यले! चक्कर मारून या!"

भाऊ नौदलात होते, विमानवाहू जहाजावर. विमानं उतरवून घेणाऱ्या चमूत. निवृत्त होऊन मूलला आले. इथे ना समुद्र, ना विमान. मग दूधवाला, पाहुणा, जो येईल तो त्यांचं विमान झाला.

तेवढ्यात त्यांच्या बायकोची, सुमनबाईंची, बदली झाली. बाई सरकारी नर्स. गाव जंगलाकडचं, तिकडे जाणारी काळीपिवळी जीप बंद पडलेली. स्कूटी शिका नाहीतर नोकरी सोडा, असा प्रसंग. आणि बाईंनी जन्मात सायकल चालवलेली नव्हती. गल्ली म्हणाली, सोडा नोकरी. भाऊंचा चेहरा मात्र फुलला.

"जहाजावर नवीन विमान कोणी एकदम उतरवत नाई," त्यांनी आम्हाला बजावलं. "पह्यले नुसतं वरून जाते. मग चाक टेकवून उडते. मग कुठी डेकवरच्या दोराले हुक अडकवून थांबते. घाई केली का समुद्रात!"

त्यामुळे पहिले काही दिवस सुमनबाई बंद स्कूटीवर नुसत्या बसून होत्या. मग फाटकासमोरून जायचं, आत वळायचं नाही. आत वळायचं म्हणजे नालीवरची अरुंद फरशी, चिमुकलं अंगण आणि समोर भिंत. भिंतीला भाऊंनी तनसाची, म्हणजे धानाच्या पेंढ्याची, रास लावली. विमान अडवायला अंगणात दोरही बांधला होता. त्यात त्यांचे मेहुणे तांदळाच्या पिशवीसकट अडकले, तेव्हा सोडला.

उतरायच्या दिवशी सगळी गल्ली जमली. बाई आल्या, लाल. पुन्हा आल्या, पुन्हा लाल. बाई भडकल्या. "अवो, आता लाल दाखवली तं मी सीधी माहेरी जाऊन उतरीन!"

हिरवी हलली. स्कूटी फरशीवरून आत आली आणि तनसाच्या अलीकडे टेचात उभी राहिली. गल्लीने असा कल्ला केला की विचारू नका. बाईंनी हेल्मेट न काढताच सगळ्यांना चहा विचारला. भाऊंनी कडक सलाम ठोकला.

आता बाई रोज एकट्या जातात-येतात. तरी ऊन उतरलं की भाऊ फाटकाशी हजर. परवा मी म्हटलं, "भाऊ, आता काऊन उभे राह्यता? बाई पक्क्या झाल्या ना."

ते रस्त्याकडेच बघत राहिले. "मी समुद्रावर होतो, तई सुट्टी रद्द झाली तरी इले कळे नाई. स्टँडवर माही वाट पाहत बसे. आता माही पाळी. शेवटचं विमान आल्याबिगर डेक सोडत नसते, भाऊ. अन् त्या रस्त्यानं वाघ आहे. मले भेव लागते."

तेवढ्यात स्कूटी दिसली. मला हायसं वाटलं. पण फरशीपाशी ती जराशी तिरपी झाली. लाल बॅट ताडकन वर! "चक्कर मारून ये!" भाऊंच्या आवाजात काय जोर आला होता!

वळताना बाई माझ्याजवळ हळू झाल्या.

"मुद्दाम केलं जी," त्या पुटपुटल्या. "रोज सरळ उतरली तं हे काय करतीन?"

आणि गल्लीला वळसा घालायला निघून गेल्या.