पंचनदमामा आणि बहिरा मणी

पंचनदमामांच्या सदऱ्याच्या खिशात कायम एक चिठ्ठी असे. भिजू नये म्हणून दुधाच्या पिशवीच्या तुकड्यात गुंडाळलेली, एका बाजूला तमिळ, दुसऱ्या बाजूला इंग्रजी. मजकूर असा: 'हा मनुष्य रस्त्यात पडलेला आढळल्यास घाबरू नये. पत्ता खाली दिला आहे. तोंडावर पाणी मारू नये, सर्दी होते. कॉफी पाजण्यास हरकत नाही. साखर अर्धा चमचा.'

त्यांच्या शेजारची खोली मी भाड्याने घेतली, त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी माझ्या नावाची तशीच एक चिठ्ठी करून आणली.

"मी कशाला पडतेय, मामा?"

"पडणार म्हणून कोण सांगटलं गे? पण झालं तर?"

'पण झालं तर?' हे मामांचं पालुपद. मी साताऱ्याची, राजवाड्यातल्या ग्रंथालयात मोडी कागदांच्या याद्या करायला दोन वर्षांसाठी तंजावुरात आलेली. स्वभावाने जरा तापट. पहिल्या महिन्यात या तीन शब्दांनी माझं डोकं उठवलं. राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत तेव्हा नुकतंच केबल आलं होतं आणि कोपऱ्यावर एसटीडीचं पिवळं बूथ बसलं होतं. केबलच्या तारेवरून वीज घरात उतरेल म्हणून मामा आभाळ भरून आलं की टीव्हीचीच नाही, तर फॅनची आणि इस्त्रीचीही पिन काढून ठेवत. मग घामाने निथळत ओट्यावर येऊन बसत.

यात त्यांचा तरी काय दोष म्हणा! चौतीस वर्षं त्यांनी कावेरीच्या एका कालव्यावर पाण्याची पातळी वाचायची नोकरी केली. दगडी पट्टीवरचा आकडा वहीत लिहायचा आणि पाणी खुणेच्या वर गेलं की वरच्या कचेरीला तार करायची. एवढ्या वर्षांत मोठा म्हणावा असा पूर दोनदाच आला. मामांनी मात्र त्याची रोज वाट पाहिली, आणि रिटायर झाल्यावर कालवा सुटला तरी वाट पाहायचं काही सुटलं नाही.

दुसरा त्यांचा हट्ट मराठीचा. तीनशे वर्षांपूर्वी मराठी राजांबरोबर इकडे आलेल्या घराण्यांतले ते. देवनागरी वाचता येत नसे, मराठी पत्र लिहायचं तर तमिळ लिपीत लिहीत. पण घराच्या उंबऱ्याच्या आत तमिळ शब्द काढायचा नाही, असा कायदा. माझी साताऱ्याची मराठी त्यांना बिघडलेली वाटे. मी 'सगळं' म्हणाले की ते 'अस्कं' म्हणून दुरुस्ती करत, मी 'कुठे' म्हणाले की 'कोठें'. गंमत म्हणजे हे चालू असताना स्वतः मात्र 'सरी, सरी' म्हणत मान डोलवत. ते तमिळ आहे असं दाखवून दिलं की म्हणत, "तें आतां आमचंच झालं."

पण हा कायदा लागू व्हायला घरात माणूस उरला नव्हता. मामी जाऊन दोन वर्षं झालेली. मुलगी मद्रासला, फ्लॅटमध्ये. तिची मुलं फोनवर आजोबांचं मराठी ऐकून घेत आणि उत्तर तमिळमध्ये देत. गल्लीतली मराठी घरं एकेक करून मद्रासला, बंगळूरला गेली होती. राहिलेल्यांत बोलणारे म्हणजे मामा आणि बिघडलेल्या मराठीची मी.

एके दिवशी मामांनी जाहीर केलं की ते कुत्रा पाळणार. मुलीने मद्रासला चला म्हणून धोशा लावला होता. एकटे राहता, रात्री-बेरात्री काही झालं तर कुणाला कळणार, असं तिचं म्हणणं. म्हणजे 'पण झालं तर?' हे लेकीकडेही वारशाने गेलं होतं! कुत्रा भुंकेल, शेजारीण येईल, असा मामांचा तोडगा. शेजारीण म्हणजे मी. मला कुणी विचारलं नव्हतं.

"मग एखादं छान पिल्लू आणू," मी म्हणाले.

मामांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी कालवा फोडायला सांगत होते. "पिल्लू पंधरा वर्षं जगणार. मी कोठें पंधरा वर्षं? म्हातारा पाहिजे. माझ्या आधीं जाणारा."

तिरुवैयारूच्या वाटेवर, एका नारळीच्या बागेत रोझलिन सिस्टरांचा आसरा होता. या रिटायर्ड नर्स. वीसेक टाकलेले कुत्रे आणि एक लंगडं गाढव त्या सांभाळत. राहुकाळ टळल्याची तीनदा खात्री करून आम्ही बस पकडली. मामांनी नवी वेष्टी, म्हणजे तिकडचं धोतर, नेसली होती, आणि हातात ताट. ताटात विडे, केळी, साखर, फुलं. मुलगी बघायला जाताना नेतात तसं.

"मामा, हे कशाला?"

"एखाद्याच्या घरचा जीव आणायचा, रिकाम्या हातीं जातात काय?"

सिस्टरांनी ताट बघितलं, मामांना बघितलं, आणि केळी गाढवाला दिली. मग मामांनी खिशातून प्रश्नांचा कागद काढला. कुत्रा घोरतो का? पाण्याला भितो का? आईबाप किती वर्षं जगले? सिस्टर जन्मभर वॉर्डात ओरडून दमलेल्या आवाजात उत्तरं देत होत्या. म्हातारा असा एकच होता. तांबूस रंगाचा, तोंडाजवळ पांढरा झालेला, अकरा-बारा वर्षांचा. तीन महिन्यांपूर्वी कुठल्या तरी म्हातारीच्या मागे राहिला म्हणून तिच्या शेजाऱ्यांनी आणून सोडलेला. सिस्टरांनी त्याचं नाव मणी ठेवलं होतं.

"पावम्, बिचारा ठार बहिरा आहे," सिस्टर म्हणाल्या. "हाक मारा, ओरडा, ताट वाजवा. ताट वाजलं तर तेवढं बघतो."

ताट वाजलं तर बघणारा बहिरा कसा, हे त्यांनाही सुचलं नव्हतं आणि खरं सांगायचं तर मलाही नाही. मामा मात्र भीत भीत जवळ गेले. कुत्रा नेमका वाटेत आडवा पसरलेला. मामांनी वेष्टी सावरली आणि सवयीने पुटपुटले, "सरक रे थोडका, सरक तिकडे."

कुत्रा उठला. दोन पावलं सरकला आणि पुन्हा बसला.

मामा जागच्या जागी उभे राहिले. मग अगदी हळू म्हणाले, "ये रे. हिकडे ये."

तो आला. मामांच्या गुडघ्यापाशी येऊन त्याने तोंड वर केलं आणि शेपटी हलवली, आणि सिस्टरांनी कपाळावर हात मारला. म्हातारी कुंभकोणमच्या मराठी गल्लीतली होती, एवढं त्यांना शेजाऱ्यांनी सांगितलं होतं. पण कुत्र्याला भाषा असते हे कुणाच्या ध्यानात यावं! तीन महिने त्या बिचाऱ्याशी सगळे तमिळमध्ये बोलत होते.

"आपल्यांतला आहे गे," मामा मला म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. मीही नारळाच्या झाडांकडे बघत राहिले.

पण सिस्टर नर्स होत्या, भावनेत वाहून जाणाऱ्या नव्हत्या. "पंधरा दिवस न्या. सोळाव्या दिवशी मी येऊन घर बघेन, मग ठरवेन. आणि एक सांगा. तुमचं वय?"

"एकाहत्तर."

"तुमच्या मागे याला कोण बघणार? म्हातारा कुत्रा दुसऱ्यांदा पोरका झाला तर अन्न सोडतो. मी दोन गेलेले पाहिलेत. नाव आणा, माणूस दाखवा. नाहीतर परत घेऊन जाईन."

आयुष्यात पहिल्यांदाच मामांना कुणी तरी त्यांचाच प्रश्न उलटा विचारला होता. परतीच्या बसमध्ये त्यांनी खिशातली चिठ्ठी काढून दोनदा वाचली. मणी त्यांच्या पायाशी बसून होता.

पुढचे दिवस मला भिंतीपलीकडून ऐकू येत. मामा सकाळपासून बोलत. चिंच जुनी बरी की नवी, मामी आंबट वरणात काय घालायची, कालव्यावरचा साहेब किती खडूस होता. इतकं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. दुपारी मणी झोपला की मामांचा जीव टांगणीला. पोटावर हात ठेवून श्वास बघायचा, खात्री पटली नाही की हलवून उठवायचं. तो उठायचा, त्यांच्याकडे वैतागून बघायचा आणि पुन्हा झोपायचा. आठवड्याभरात तो कॉटखाली, हात पोचणार नाही अशा जागी झोपायला लागला.

मधल्या वेळात 'मागे कोण' याचा शोध. मुलीच्या सोसायटीत कुत्रं चालत नव्हतं. मला मामांनी विचारलंच नाही, नुसतं बघितलं. माझं काम मार्चमध्ये संपणार होतं आणि साताऱ्याला आमच्या घरात आधीच नऊ माणसं. मी नजर चुकवली. त्याची लाज मला अजून वाटते.

शेवटी सेल्वी पुढे आली. समोरच्या झाडाखाली गाडीवर कपडे इस्त्री करणारी, तोंडाची फटकळ, हाताची उदार. "मी ठेवीन की, अय्या. घरी तीन शेळ्या आहेत, त्यांत हा. पण हा माझं ऐकतो कुठे?" तिने तमिळमध्ये 'इकडे ये' म्हणून हाक मारली, "डेय मणी, इंगे वा!" मणी तिच्या गाडीकडे बघतसुद्धा नव्हता.

दहाव्या दिवशी मी ग्रंथालयातून दुपारीच घरी आले, तर भिंतीपलीकडून मामांच्या आवाजात तमिळ ऐकू आलं. घरात! मला आधी वाटलं कुणी आलंय. मग काहीतरी बिघडलंय असं वाटून मी धावतच गेले. मामा जमिनीवर मांडी घालून बसले होते, हातात इडलीचा तुकडा. समोर मणी, गोंधळलेला.

"इंगे वा," मामा म्हणाले. मग खाली वाकून, कुणी ऐकू नये अशा आवाजात, "ये." मग पुन्हा मोठ्याने, "इंगे वा." तो आला की इडली.

"मामा, हे काय चाललंय? तुमच्या घरात तमिळ?"

ते माझ्याकडे वळले नाहीत. "मी गेलों तर ह्याला मराठींत कोण बोलावणार गे? सेल्वी एकटी शिकेल, पण बाकीचे? पुन्हा अस्के बहिरा म्हणतील."

'उक्कारु' म्हणजे बस, 'पो' म्हणजे जा, 'साप्पिडु' म्हणजे खा. मामा एकेक शब्द असा शिकवत होते की जणू पट्टीवरचा आकडा वाचून दाखवतायत. दोन दिवसांनी त्यांनी मागून पुटपुटायचं मराठीही बंद केलं. गोंधळ नको, म्हणाले. चिंचेच्या आणि वरणाच्या गोष्टी थांबल्या. भिंतीपलीकडून चार तमिळ शब्द तेवढे येत, आणि मधे बराच वेळ काहीच नाही. मला ते ऐकवेना. मी रेडिओ लावून बसायला लागले.

सोळाव्या दिवशी सिस्टर आल्या. त्यांनी पाण्याचं भांडं बघितलं, कॉटखालची जागा बघितली, मणीचे कान उलटून बघितले. मग ओट्यावर उभ्या राहून म्हणाल्या, "हं, मागे कोण?"

मामांनी सेल्वीला हाक मारली. ती इस्त्री बाजूला ठेवून रस्त्याच्या मधोमध येऊन उभी राहिली. मणी मामांच्या पायाशी होता. सेल्वीने हाक मारली.

"डेय मणी, इंगे वा."

मणीने कान उचलले आणि वर मामांकडे पाहिलं. मामांनी तोंड फिरवलं. चक्क भिंतीकडे तोंड करून उभे राहिले, शिक्षा झालेल्या पोरासारखे. मणी थोडा वेळ त्यांच्या पाठीकडे बघत राहिला. मग पायऱ्या उतरला आणि सावकाश, एक पाय ओढत, सेल्वीपर्यंत गेला. तिने त्याचं डोकं दोन्ही हातांत धरलं.

"गेला काय?" मामांनी भिंतीलाच विचारलं.

"गेला, मामा."

सिस्टरांनी कागदावर सही केली. जाताना मामांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "कुत्रा तुमचा." सेल्वीने मणीला परत ओट्यावर आणून सोडलं आणि ती आपल्या निखाऱ्यांकडे गेली.

आम्ही दोघंच उरलो. मणी धापा टाकत मामांच्या पायावर डोकं ठेवून पडला होता. मामा त्याच्या पाठीवरून हात फिरवत होते, पण त्याच्याशी एक शब्द बोलत नव्हते. मी उठायला लागले तसे म्हणाले, "मार्चांत जाणार ना गे तूं?"

"हो, मामा."

"तोंवर रोज जरा येऊन बसशील काय? काहीं तरी बोल. बिघडलेलं बोललीस तरी चालेल."

मी पुन्हा बसले. मग आमच्या घरी कटाची आमटी कशी करतात ते सांगू लागले: आधी डाळ शिजवायची, वरचं पाणी काढून घ्यायचं, खोबरं भाजायचं. मामांनी डोळे मिटून घेतले होते. मी दहा वेळा 'सगळं' म्हणाले, 'कुठे' म्हणाले. त्यांनी एकदाही दुरुस्त केलं नाही.