पाने पूजेत आणि हात इंजिनात

दुरुस्तीच्या कामात माझा हात धरणारा अख्ख्या बंगळूरात कोणी नाही, असं माझं ठाम मत होतं. घरचा स्टोव्ह, शेजाऱ्यांचं घड्याळ, ऑफिसातला पंखा, सगळं मी दुरुस्त करायचो. त्यातलं काही नंतर चालायचंसुद्धा! तेव्हा एकसष्ट सालच्या खंडेनवमीला सासऱ्यांची लॉरी अडली, म्हटल्यावर मी गप्प बसणं शक्यच नव्हतं.

सासरे अप्पासाहेब चिकपेटच्या मागच्या गल्लीत राहायचे. आपले पूर्वज घोड्यावर बसून या मुलखात आले, असं ते सांगायचे. आता त्यांच्याकडे एक लॉरी होती. लष्कराच्या लिलावातली, आणि घोड्याइतकीच लहरी! आठवड्यापूर्वी होसकोटेच्या रस्त्यावर तिचं इंजिन उकळलं आणि समोरचा उष्णतेचा काटा मात्र ढिम्म हलला नाही. दोष काट्याचा नव्हता. इंजिनाच्या पार मागे, ड्रायव्हरच्या पुढच्या पत्र्याला लागून, अंगठ्याएवढं एक पितळी बोंड असतं. पाणी किती तापलं ते त्याला कळतं आणि ते काट्याला कळवतं. तेच मेलं होतं. बाजार पालथा घातल्यावर लष्करी भंगारात नवं मिळालं. ते एकच!

लॉरीचा ड्रायव्हर कल्लाप्पा बेळगावकडचा. त्यानं आदल्या संध्याकाळी लांब पाना घालून जुनं बोंड काढलं. नवं बसवायचं, तोच उजाडली खंडेनवमी! सासऱ्यांच्या थोरल्या बहिणीनं, आत्याबाईंनी, पहाटेच घरातली एकूण एक हत्यारं देवापुढे मांडली. पाने, पकड, हातोडा, जॅक, अगदी विळीसुद्धा! या दिवशी हत्यारांची पूजा करायची, त्यांना हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी उत्तरपूजा झाली की मगच उचलायची. आणि दुसऱ्या दिवशीच, दसऱ्याच्या भल्या पहाटे, नव्या कापडवाल्या शेटजींचा माल घेऊन लॉरी निघायची होती.

"अण्णा, पाना पोचतोय तिथं, पण आटे धरायला बोटं पोचायला पायजेत," कल्लाप्पा म्हणाला. "माझा हात जाईना बघा. वरचं सगळं खोलायचं म्हटलं तर उद्या दुपार होती."

सासऱ्यांचा चेहरा पडला. "मुहूर्त चुकला तर शेटजी दुसरी लॉरी बघतील. पहिलंच काम त्यांचं!"

"मामा, पाने पूजेत बसले म्हणून काय झालं?" मी बाह्या सरसावल्या. "हा हात आहे की! बोटांनी आटे धरवून ठेवतो. सकाळी कल्लाप्पानं नुसता एक पीळ द्यायचा!"

"स्वल्प जपून अण्णा! खाली क्लचच्या पेटीला भोक आहे. बोंड त्यात पडलं तर गिअरबॉक्सच उतरवावा लागतंय!" कल्लाप्पा म्हणाला.

"अरे, मी काय आज पहिल्यांदा दुरुस्ती करतोय?" असं म्हणून मी मडगार्डवर पोट टेकलं आणि हात आत घातला.

गेला की! कोपरापर्यंत सुरेख गेला. बोटांना भोक लागलं. मी बोंड टेकवलं, फिरवलं, ते तिरकं झालं. पुन्हा फिरवलं, ते निसटायला लागलं. मी घाबरून मूठ घट्ट मिटली आणि हात बाहेर ओढला.

हात आला नाही!

डावीकडे वळवला, उजवीकडे वळवला, बाहेर काही येईना. मनगटाच्या अलीकडे एक नळी आणि पलीकडे पत्रा, अशी माझ्या मुठीची छान सोय झाली होती. दातओठ खाऊन ओढला, तेव्हा कोपर सोलून निघालं.

"झालं का, जावईबापू?" मागून मामा.

"झालंच!" मी म्हणालो. जावयानं दुसरं काय म्हणायचं?

तेवढ्यात कृष्णमूर्ती शास्त्री आले आणि लॉरीची पूजा सुरू झाली. केळीचे खुंट बांधले, कुंकू लावलं, गल्लीतल्या बायका जमल्या. मी आपला मडगार्डवर पालथा, तोंड इंजिनात!

"अगबाई, अप्पासाहेबांचा जावई बघा," एक शेजारीण म्हणाली. "लॉरीला मिठी मारून नमस्कार! किती भाविक!"

"मंत्र संपेपर्यंत उठणार नाही वाटतं," दुसरी म्हणाली.

ते ऐकून शास्त्रीबुवांनाही हुरूप आला. त्यांनी मंत्र लांबवले! झेंडूची माळ लॉरीला घातली, ती अर्धी माझ्या गळ्यात आली. अक्षता माझ्या पाठीवर पडल्या. माझी बायको कस्तुरा जवळ आली आणि हळूच म्हणाली, "अहो, पुरे आता! लोक हसतील."

"तू पुढे हो. मी जरा आणखी करतो नमस्कार!"

मग चाकांखाली लिंबं ठेवली. शास्त्रीबुवा म्हणाले, "हं, कल्लाप्पा, गाडी चालू करून एकदा लिंबांवरून घे!"

कल्लाप्पा वर चढला. चाकं हलली की मी हातानं लटकत चिकपेट फिरणार!

"नकोऽऽऽ!" मी अशी बोंब मारली की मंत्र, घंटा आणि बायका एकदम थांबल्या. "हात अडकलाय माझा!"

मग पळापळ! "पाना आणा, ती नळी सोडवा!" मामा ओरडले. कल्लाप्पा देवघराकडे धावला. दारात आत्याबाई उभ्या!

"आयुधं उठायची नाहीत!"

"अक्का, जावयाचा हात आहे तो!" मामा काकुळतीला आले.

"उद्या उत्तरपूजा झाली की न्या."

"तोवर हे इथंच?" कस्तुरा रडायलाच लागली. रात्रभर माझं जेवण मडगार्डवर वाढायचं की कसं, यावर बायकांत चर्चाही सुरू झाली!

आत्याबाई मग स्वतःच लॉरीपाशी आल्या. वाकून बघितलं. "जाताना गेला ना हात? मग येताना का येईना? मूठ मिटलीय का आत?"

"हो. बोंड आहे मुठीत."

"मग सोडा की!"

"सोडलं तर पेटीत जाईल. उद्या लॉरी निघायची नाही!"

सगळे मामांकडे बघू लागले. एकीकडे जावई, एकीकडे शेटजींचं पहिलं काम. मामा विचार करू लागले. करतच राहिले! मी माळ घातलेल्या मानेनं त्यांच्याकडे बघत होतो. शेवटी कस्तुरानं "अप्पा!" म्हणून असा काही आवाज काढला, की ते दचकून म्हणाले, "सोडा, सोडा! बोंड गेलं तर गेलं. माणूस मोठा!" खरं सांगतो, उशिरा आले तरी ते शब्द मी आजवर विसरलेलो नाही.

"थांबा!" आत्याबाई म्हणाल्या. "सोडू नका. मला द्या."

त्यांनी हातातल्या सोन्याच्या पाटल्या उतरवून कस्तुराकडे दिल्या, काचेचा चुडा कोपराकडे सारला आणि तो काडीसारखा हात नळ्यांमधून सरळ माझ्या मुठीपाशी नेला. "हं, सोडा." मी बोटं उघडली. बोंड त्यांच्या चिमटीत गेलं! मग समईतलं तेल माझ्या मनगटावर ओतलं. "आता हात मऊ सोडा. अंगठा आत घ्या. बांगड्या भरताना नवरी ताठली की बांगडी फुटते!" आणि कासारणीनं चुडा भरावा तसा माझा हात दाबत, सरकवत त्यांनी बाहेर काढला.

पाचही बोटं जागच्या जागी होती! मी ती पुन्हा पुन्हा हलवून बघितली. कस्तुरा रडता रडता हसत होती, मामांनी तर शास्त्रीबुवांनाच मिठी मारली. इतकं हलकं मला माझ्या लग्नानंतरही वाटलं नव्हतं. आत्याबाई मात्र अजून इंजिनातच होत्या. बोंडाचे आटे धरवूनच त्यांनी हात बाहेर घेतला.

दसऱ्याला उत्तरपूजा झाली, कल्लाप्पानं पान्यानं एक पीळ दिला आणि लॉरी मुहूर्तावर निघाली. काटाही हलत होता.

तेव्हापासून लॉरीचं काही अडचणीतलं निघालं, की कल्लाप्पा आत्याबाईंना बोलावतो. मलाही बोलावतात, नाही असं नाही. मी बाजूला उभा राहून त्यांच्या पाटल्या सांभाळतो. देताना त्या दर वेळी बजावतात, "जावईबापू, मुठीत धरू नका हं. खिशात ठेवा!"