चांदशेपटीचा पुरावा

लहानपणी तळ्यात दगड भिरकावला की आत्या काठावरून ओरडायची, "अरे, नका रे! माशांची झोपमोड होते." आत्या गेली. माशांच्या झोपेचा प्रश्न मात्र आमच्या कार्यालयाने कायमचा निकाली काढला आहे.

असण्यासाठी हजर असावं लागतं, हा मागासलेला विचार होय. पूर्वी मासे मोजायचे तर जाळं टाका, चिखलात उतरा, माशाला वर काढा आणि त्याची नाराजी पत्करा. आता बाटलीभर पाणी पुरतं. मासा पोहता पोहता अंगाचा चिकटा सोडतो, खवला सोडतो (आणि सभ्य कार्यालयात ज्याचा उल्लेख होत नाही, तेही सोडतो). ते पाणी गाळायचं, कागदावर उरलेला डीएनए प्रयोगशाळेत वाचायचा, की माशाचं नाव हाती येतं. मासा येत नाही. त्याला आम्ही तसदी देत नाही.

आमचं तळं बुजवून वाहनतळ करायचं ठरलं होतं. (गाड्या वाढत आहेत, शिवाय त्या नुसत्या डोळ्यांनी दिसतात.) नियम एवढाच, की दुर्मीळ मासा निघाला तर तळ्याला हात लावायचा नाही. आमच्या मोठ्या बाईंनी दुपारचा डबा खाल्ला, हात रुमालाला पुसले, त्याच हातांनी रबरी मोजे चढवले आणि जातीने पाणी भरलं. अहवाल आला: चांदशेपटी! पिढीभरात कुणाच्या दृष्टीस न पडलेला मासा.

आपलीच घाण नमुन्यात मिसळली नाही ना, हे कळावं म्हणून सोबत शुद्ध पाण्याची एक बाटलीही तपासतात. तिच्यातही चांदशेपटी निघाला. यावरून हा मासा किती मुबलक आहे, हे सिद्ध झालं.

कार्यालयाला रंग लागला. दारात प्लास्टरचा चांदशेपटी बसला. (शेपटी आहे, चांदीसाठी निधी आला नाही.) शाळांच्या सहली पाण्याकडे बघून गेल्या. नव्वद टक्के मुलांना मासा दिसला. उरलेल्यांना चष्मा लागला.

सगळ्यात सुखावले ते बाईंचे यजमान. निवृत्त माणूस. बायकोचा डबा रोज स्वतः करून आणायचे आणि मग कार्यालयामागे तळ्याकाठी झाडाखाली गळ टाकून बसायचे. घरात भिंती, बाहेर रहदारी. बोलायला त्यांना एवढं एक पाणीच उरलं होतं. पाणी हलायचं, ते मान हलवायचे.

पुढच्या प्रत्येक तपासणीत चांदशेपटी शून्य. "मासा लाजाळू आहे," असं आम्ही वरिष्ठांना कळवत राहिलो. अखेर समिती आली. अध्यक्ष म्हणाले, "बाई, आता पुरे. बुजवण्याच्या आदेशावर सही करतो." पेनाचं टोपण निघालं.

यजमान डबा घेऊन दारात उभे होते. "थांबा, साहेब. होता तो मासा. पाणी भरलं त्या दिवशी हिच्या डब्यात जो तळून दिला ना, तोच. याच तळ्यातला, माझ्याच गळाला लागलेला. मला काय ठाऊक! पेपरात चित्र बघितलं, तेव्हा ओळखला."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"घरी राहायचंय मला, साहेब. पण आता तळंच चाललंय."

पेन हवेत थांबलं.

"म्हणजे तो खरंच होता," अध्यक्ष म्हणाले.

"होता."

"आणि तुम्ही खाल्लात."

"हिने. मी फक्त तळला."

अध्यक्षांनी दाराकडे एकवार बघून घेतलं आणि आवाज खाली आणला. "चवीला कसा होता हो?"

सगळ्या खुर्च्या आवाज न करता पुढे सरकल्या. तळ्यात दुसरा एखादा असेल का, हे कुणीच विचारलं नाही. (वाचकहो, तुम्हीही नाही.)

मोठ्या बाई इतका वेळ टेबलाच्या काचेकडे बघत होत्या. त्यांनी यजमानांकडे मान वळवली.

"अहवाल वाचला तेव्हाच कळलं होतं मला. बोलले नाही, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून." मग डब्याकडे बघत त्या म्हणाल्या, "मीठ कमी होतं."