ठोंबरे भाऊजींचे कांदे

पनवेलच्या एस.टी. स्टँडवर चौकशीच्या खिडकीत पोहायचा चष्मा लावलेला माणूस दिसला तर दचकू नका. ते आमचे शेजारी, ठोंबरे भाऊजी. पंख्याचा वारा डोळ्यांना लागू नये म्हणून तो चष्मा. महाडची गाडी विचारायला आलेला माणूस आधी दोन पावलं मागे सरतो, मग विचारतो.

भाऊजींना रक्ताचा कॅन्सर झाला तेव्हा उरणला दिलेल्या त्यांच्या ताईने त्यांना आपला बोन मॅरो दिला. जीव वाचला, पण ताईच्या पेशी त्यांच्याच डोळ्यांवर उलटल्या आणि डोळ्यांतलं पाणी आटलं. "ताईचं माझ्याशी लहानपणापासून पटलं नाही," भाऊजी सांगायचे, "आता आत बसून माझ्या डोळ्यांशी भांडते." तासातासाला बाटलीतले थेंब घालायचे आणि जाहीर करायचे, "आमचा नळ बंद, टँकर चालू."

ताई दोन वर्षांपूर्वी हार्टने गेली. चौथ्या दिवशी भाऊजी खिडकीत हजर. त्याच सुमारास कांद्यांचं सुरू झालं.

नळच बंद, तर कांदा काय करणार, असं आम्ही बायकांनी परस्पर ठरवून टाकलं. बारसं असो की डोहाळजेवण, बिल्डिंगचे कांदे चिरायला भाऊजींकडे. तेही मागून घ्यायचे. चिरताना चष्मा मात्र काढून ठेवायचे. मला वाटायचं, काचेवर वाफ धरत असेल.

माझ्या सुमीच्या केळवणाला मी मेली पाच किलो ओतून आले. दुसऱ्या दिवशी भाऊजींना डोळे उघडेनात. एकटा माणूस, मीच रिक्षात घालून डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर माझ्यावरच उखडले. बुबुळावर जखमा झाल्यात, म्हणाले. पाणी नाही म्हणजे झोंबत नाही, हे कुणी सांगितलं? उलट धुऊन जायला पाणीच नाही, आग होतच राहते. यांना मी पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

दोन वर्षं आम्ही या माणसाच्या डोळ्यांत तिखट घालत होतो, वर हसत होतो. आणि त्याला सगळं ठाऊक होतं!

परतताना रिक्षात मी चिडूनच विचारलं, कशासाठी हे?

भाऊजी म्हणाले, "ताई गेली तेव्हा सगळे रडले, वहिनी. मी उशाशी कोरडा उभा. भाची माझ्याकडे बघत होती. कांद्याने तरी एखादा थेंब येईल म्हणून चिरतोय. काल आला असं वाटलं. बोट लावून बघितलं, तर घाम."

मला हुंदका आवरेना. पदर डोळ्यांकडे नेला, तेवढ्यात ते मिचमिच्या डोळ्यांनी बघत हळूच म्हणाले, "पुसू नका, वहिनी. ताईच्या नावाने वाहू दे थोडं."