हेडबाईंच्या रेघा

घासायचं मशीन आठ दिवसांच्या बोलीवर आलं होतं, आणि आज आठवा दिवस होता. संध्याकाळी पाचला मशीनवाला येणार होता. हेडबाई 'ठेवा' म्हणाल्या तर मशीन राहणार, 'न्या' म्हणाल्या तर टेम्पोत चढणार. त्या 'न्या'च म्हणणार हे कारखान्यातल्या मांजरालाही ठाऊक होतं.

हेडबाईंचा शाळेशी संबंध तिसरीतच तुटला होता. पण फर्निचरच्या त्या लहानशा कारखान्यात गेली तीस वर्षं खुर्चीचा प्रत्येक पाय नि टेबलाची प्रत्येक कड त्यांच्या तळहाताखालून जायची. डोळे मिटून हात फिरवायच्या आणि 'पास' नाहीतर 'नापास' म्हणायच्या. नापास झालेल्या सुताराला त्या दिवशी जेवण गोड लागायचं नाही. म्हणून त्या हेडबाई.

मशीन मागवलं होतं सुनेनं. लग्न होऊन आल्यापासून चार वर्षं ती हातानं पॉलिश पेपर घाशीत होती. उजवा खांदा कामातून गेला होता, नि शिंकलं तरी नाकातून भुसा पडायचा. मशीन गेलं की पुन्हा तोच पेपर आणि तोच खांदा. म्हणून तिनं दोन दिवस खपून ते बसवलं. पाणसळ लावून चारी पाय सारखे केले, आतल्या बाजूचा बाण बघून पॉलिश पेपरचा पट्टा चढवला, भुसा ओढणारा पाइप जोडला. मग सगळ्यांना ओळीत उभं करून नियम सांगितले.

"अंगठी, घड्याळ, ओढणी, मोकळे केस, काही चालणार नाही. फळी आत जाताना समोर उभं राहायचं नाही, बाजूला व्हायचं. सुरू असताना हात लावायचा नाही. आणि सगळ्यात आधी भुशाचा पंखा लावायचा."

"अगं, हे मशीन आहे की नवा जावई?" हेडबाई म्हणाल्या. "समोर उभं राहायचं नाही, हात लावायचा नाही, आल्या आल्या पंखा लावायचा! उद्या रुसलं तर मनवायला कोण जाणार?"

"रुसलं तर हे लाल बटण दाबायचं, आई."

"जावयालाही असतं तर बरं झालं असतं."

वाचनालयाच्या बारा खुर्च्या परवा द्यायच्या होत्या. एकेका खुर्चीच्या पाठीला तीन फळ्या, म्हणजे छत्तीस. सहा सूत, म्हणजे पाऊण इंच जाडीच्या. त्या गुळगुळीत निघाल्या की मशीन उत्तीर्ण, असं ठरलं.

"आधी प्रत्येक फळीवर पेन्सिलनं नागमोडी रेघा मारायच्या," सून म्हणाली. "घासून बाहेर आल्यावर रेघ दिसली नाही, म्हणजे सगळीकडे सारखं घासलं गेलं. कुठे राहिली, तर तिथं खोलगट आहे. ती परत घालायची. रेघांचं काम तुम्ही करा, आई. इथं लांब, बसून."

बसून करायचं काम म्हणजे म्हातारीला दिलेलं काम. हे हेडबाईंना लागलं, पण त्यांनी दाखवलं नाही. "द्या पेन्सिल. या वयात चौथीत घातलंत, उपकार झाले."

"एकच सांगते. बिनरेघांची एकही फळी माझ्या हातात येता कामा नये."

"येणार नाही. मी मेले तरी येणार नाही."

काम सुरू झालं. मशीनच्या अलीकडे सून, डोळ्यांवर चष्मा, कानांवर टोपणं. पलीकडे हेडबाईंचा मुलगा, बाहेर आलेली फळी उचलून ढकलगाडीवर रचायला. त्याचा एक डोळा मोबाइलवर होता. दुसराही मोबाइलवरच होता. मशीनपाशी मोबाइल आणायचा नाही हाही नियम होता, पण नवऱ्यानं बायकोचे नियम पाळायचे ते तिचं लक्ष असताना. फळी हाताला लागली की तो न बघता ठेवून देई.

गाडी भरली. कारखाना आधीच अडचणीचा, गाडी ठेवायला जागा कुठली? हेडबाईंच्या डाव्या हाताला जरा मोकळं होतं, तिथं त्यानं ती ढकलली. हेडबाईंनी उजवीकडचा ढीग संपवला होता. डावीकडे बघतात तो दुसरा ढीग तयार, आणि एकाही फळीवर रेघ नाही.

"बघा, मी होते म्हणून," असं पुटपुटत त्यांनी पेन्सिल उचलली.

रेघांच्या फळ्या पुन्हा समोर आल्या तेव्हा रेघा राहूनच परत आल्यात असं वाटून सुनेनं मशीन थांबवलं. "अहो, बाहेर साफ येतायत ना?"

नवऱ्यानं मोबाइल झटकन खिशात घातला. बघितलंच नव्हतं, तर सांगणार काय? 'साफ येतायत' म्हणावं तर बायको बघायला येणार, आणि खिशातून गाणं ऐकू येत होतं. "तशा येतायत. थोड्या राहतायत," तो म्हणाला.

"म्हणजे कमी घासतंय," असं म्हणून सुनेनं वरचं चाक थोडं खाली फिरवलं. दुसरी फेरी झाली. गाडी पुन्हा डावीकडे, पेन्सिल पुन्हा फळीवर, फळी पुन्हा मशीनमध्ये. तिसऱ्या फेरीला सुनेनं आणखी थोडं चाक फिरवलं. चौथ्या फेरीला खरबरीत पट्टा चढवला. पाचवीला तिनं मशीनवरचा जाडीचा काटा बघितला. काटा साडेचार सूत दाखवत होता.

"सहाच्या फळ्या आहेत, साडेचार कशा असतील? काटा सरकलाय वाटतं."

"सरकलाच आहे," नवरा म्हणाला. त्यानं काटाही बघितला नव्हता.

इकडे हेडबाईंना तरतरी आली होती. सुरुवातीला फळ्या उचलताना मनगट भरून येत होतं, आता कशा अलगद उचलल्या जात होत्या! "कामाचं माणूस आहे मी," त्या मनात म्हणाल्या, "हात लागला की वजनसुद्धा मान देतं." मग मोठ्यानं सुनेला म्हणाल्या, "काय गं, तुझ्या जावयाला एक रेघ पुसता येईना? तिसरी नापास बाईची रेघ? मी थुंकी लावून पुसली असती एव्हाना!"

सून खांदा चोळत उभी राहिली.

सातव्या फेरीनंतर हेडबाईंच्या हातात एक फळी आली, तिच्या मधोमध गाठ. अगदी त्यांच्या थोरल्या नणंदेच्या नाकासारखी, बसकी नि वर तीळ. असली गाठ सकाळी बघून त्या हसल्या होत्या. जेवणाआधी बघितली तेव्हा वाटलं होतं, जुळी असेल. पण तिसरी? त्या घराण्यात असलं नाक एकालाच पुरलं होतं, झाडाला तीन कुठून फुटणार?

त्यांनी फळी आडवी धरून कडेकडून बघितली. मग हळूच उठून खुर्चीच्या तयार पायाच्या खाचेत बसवून बघितली. सहा सुताची खाच. फळी तीत दात पडलेल्या तोंडातल्या जिभेसारखी हलली.

हेडबाई फळी घेऊन परत जागेवर बसल्या. सकाळपासून पास झालेल्या पोरांना पुन्हा पुन्हा त्याच वर्गात बसवलं होतं, आणि बसवणारी कोण?

नेमका तेव्हाच मशीनवाला आला. "नमस्कार! मग काय ठरलं?"

सुनेनं चष्मा काढला. डोळे लाल झाले होते, भुशानं की कशानं ते कळत नव्हतं. "घेऊन जा, भाऊ. मी सगळं करून पाहिलं. रेघाच जात नाहीत." आणि ती वाकून पाइपची पट्टी सोडवायला लागली, डाव्या हातानं, कारण उजवा वर जात नव्हता.

गप्प बसलं तर कुणाला कळणार नव्हतं. मशीन गेलं असतं, आणि हेडबाईंचं नाक राहिलं असतं. नणंदेचं नाक मांडीवर घेऊन त्या स्वतःच्या नाकाचा विचार करत होत्या, नि सवयीनं तळहात फळीवरून फिरत होता. डोळे आपोआप मिटले. या टोकापासून त्या टोकापर्यंत ना उंचवटा, ना खळगा. हात परत आला, पुन्हा गेला. तीस वर्षांत अशी फळी हाताखालून गेली नव्हती.

"पास," त्या म्हणाल्या.

सगळ्यांनी वळून बघितलं.

"पाइप राहू दे, सूनबाई. रेघा जात नाहीत कोण म्हणतं? सात वेळा गेल्या. आठव्यांदा मारायला घेतल्यात मी."

सून तशीच वाकलेली राहिली. "म्हणजे साफ झालेल्या फळ्यांवर तुम्ही पुन्हा..."

"बिनरेघांची एकही नको म्हणालीस. आली का एकतरी?"

"नाही आली."

"मग! माझं काम चोख आहे." हेडबाईंनी मोहरा वळवला. "आणि तू रे? 'थोड्या राहतायत' म्हणालास, ते काय बघून?"

मुलगा काही म्हणायच्या आत त्याचा खिसा गाऊ लागला. सुनेनं नवऱ्याकडे बघितलं, सासूकडे बघितलं, आणि भुशाच्या पोत्यावर बसून हसायला लागली, ती इतकी की मशीनवाला पाणी शोधायला धावला.

हसू ओसरल्यावर मशीनवाल्यानं फळी मापाला लावली. एक टोक, मग दुसरं, मग मधोमध. "अहो, सात फेऱ्या झाल्यात, तरी कुठेही केसाचा फरक नाही! एवढी परीक्षा मीसुद्धा कधी घेतली नव्हती. ही एक मला द्या, दुकानात टांगतो."

"न्या. छत्तीसच्या छत्तीस दिल्या असत्या, पण उरलेल्या ड्रॉवरच्या तळाला लागतील," हेडबाई म्हणाल्या. "आणि टांगाल तेव्हा रेघा कुणाच्या होत्या ते लिहा. नाव मोठं लिहा, मला बारीक वाचता येत नाही."

सून डोळे पुसत उठली. लाकूड शिल्लक होतं, एक दिवस हातात होता. नव्या छत्तीस फळ्या उद्या दुपारपर्यंत सहज निघणार होत्या.

"उद्या बाहेरच्या बाजूला मी उभी राहणार," हेडबाईंनी जाहीर केलं. "प्रत्येक फळीवर हात फिरवून सांगीन. गाडी माझ्या शब्दाशिवाय हलायची नाही."

"आणि रेघा, आई?"

"त्या तुझ्या नवऱ्याला मारू दे. उजव्या हातात पेन्सिल, डाव्या हातात फळी." हेडबाईंनी मुलाच्या खिशाकडे बघितलं. "तरी तो नाकानं मोबाइल चालवील. तू लाल बटणावर हात ठेवून बस."